एकतिसाव्या पानावरचा मासा

तीन पुस्तकं परत केली आज ग्रिम्स्बीच्या लायब्ररीत,
एक ठेवून घेतलं, मुदत वाढवून.
ग्लेनिस म्हणाली, आवडलं वाटतं?
म्हटलं, भांडायचंय त्याच्याशी.

पहिल्यात ड्यूक होता. किल्ला, तीनशे पानं,
आणि अख्ख्या किल्ल्यात एकालाही सर्दी नाही.
इथे ऑक्टोबरपासून गाव शिंकतंय,
औषधांच्या काउंटरवर माझ्यापुढे दारापर्यंत रांग,
आणि ही बया पातळ रेशमात गच्चीवर उभी,
एकशे चाळिसाव्या पानापासून.
शेवटी चुंबन आलं तेव्हा मी भाजी परतत होते.
भाजी करपली नाही.
यावरून काय ते समजा.

दुसऱ्यात नर्स आणि सर्जन, रात्रपाळी.
रात्रपाळीत केस असे राहत नाहीत कुणाचे.
बावन्नाव्या पानावर मॉर्फिनचा डोसही चुकलाय,
त्या पेशंटचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही,
दोघंही चादरींच्या खोलीत.
मला दोन रात्री त्याचाच घोर.

तिसऱ्यात मेंढपाळ. बरा होता.
कुत्रा मात्र पहिल्या नंबरचा.

विद्याधर म्हणतो, काय मिळतं यातून तुला?
शेवट तर आधीच ठाऊक असतो.
वरणभाताचाही असतो, मी म्हणते.

आता कुणीतरी म्हणणार, खरं प्रेम म्हणजे
विद्याधर पहाटे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो, ते.
खरवडतो. छान खरवडतो.
म्हणून मला ड्यूक नको, असं कोण म्हणालं?
दोन्ही लागतात.
एक जेवणाआधी, एक जेवणानंतर.

इथल्या म्हाताऱ्यांची एक युक्ती आहे.
वाचून झालं की ठरलेल्या पानावर पेन्सिलीची खूण,
म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी यायला नको.
कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली,
आणि कुणा एकीचा मासा, एकतिसाव्या पानावर,
शेपटीसकट, नखाएवढा.
माशाचं तोंड वर असलं तर पुस्तक चांगलं,
खाली असलं तर मी उगाच ओझं उचलत नाही.
पाच वर्षं चाललेय मी तिच्या शब्दावर,
शब्द कसला, माशावर.

माझी खूण म्हणजे ळ.
शिरोरेषेला टांगलेला चष्मा दिसतो,
आणि या बंदरात कुणाच्या जिभेला तो जमायचा नाही.
गेल्या हिवाळ्यात एकदा, माशाशेजारी,
कुणीतरी तो काढून पाहिलेला.
एक डोळा मोठा, एक बारीक. खोडून पुन्हा.
मी त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून होते.

तर हे चौथं.
कॅराव्हॅन पार्कमधली दोघं, सत्तरी उलटलेली.
तो किटलीत पाणी जास्त भरतो, ती चिडते.
दोनशे पानं एवढंच. बाहेर भरती, ओहोटी.
मग एका सकाळी किटलीत पाणी
बरोब्बर दोन कपांचं.
ती म्हणते, आता मी बोलू काय तुझ्याशी?
संपलं. चुंबन नाही, काही नाही.
नऊ नंबरच्या बसमध्ये मी रडत बसले,
माझा स्टॉप गेला, पुढचाही गेला,
एकदम समुद्रच आला.

एकतिसाव्या पानावर मासा.
तोंड खाली.
इतकं खाली की पेन्सिल कागदात रुतलीये,
बत्तिसाव्यावर उमटलीये.

पाच वर्षांत पहिल्यांदा पटलं नाही मला तिचं.
की तिच्याकडेही एक किटली आहे,
आणि पाणी आता एकाच कपाचं?
तिचं नाव माहीत नाही.
ग्लेनिसला विचारता येईल. विचारलं नाही.

तीन आठवडे आहेत.
पेन्सिलीला टोक काढून बसलेय,
ळ काढला, खोडला, परत काढला, जरा जवळ.
खालून विद्याधर ओरडतोय,
चहाला पाणी किती ठेवू?
भर, म्हटलं, हवं तितकं.